सुरभीच्या नावावरचा गुन्हा

वृद्धाश्रमात काम करायला काय यावं लागतं, असं कोणी विचारलं तर सुरभी सांगायची, "नाक बंद ठेवाचं अन् कान उघडे." बाकीचं हातांना आपोआप येतं, असं तिचं म्हणणं. यवतमाळच्या बाहेर, आर्णी रस्त्याकडेच्या त्या आश्रमात तिला सहा वर्षं झाली होती. अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणं, भरवणं, आणि त्याच त्या गोष्टी रोज नव्यानं ऐकणं. जेवण तिथंच, झोपणं कोठीघराशेजारच्या खोलीत. नवरा कंपनीत लागतो म्हणून पुण्याला गेला आणि तिथं दुसरं घर करून बसला, तेव्हाच दिग्रसचं सासर सुटलं. माहेर कळंबजवळच्या एका खेड्यात, पण वडील गेल्यावर तिथं भावाचा संसार. म्हणजे ही नोकरी गेली तर नुसता पगार जाणार नव्हता, झोपायची जागाही जाणार होती.

आणि ती जायची वेळ आली. दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात एका कामवालीनं आश्रमातल्या आजीच्या पाटल्या काढून पोबारा केला. झालं, इथल्या ट्रस्टची बैठक बसली. चहा झाला, समोसे झाले आणि ठरलं की सगळ्या कामगारांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची. ट्रस्टींची कोणी करायची, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. समोसे गरम असले की असे प्रश्न सुचत नाहीत.

एकेकाचे दाखले येत गेले. स्वयंपाकिणीचा आला. चौकीदार संध्याकाळ झाली की भिंतीला धरून चालतो, त्याचाही धुतल्या तांदळासारखा आला. सुरभीच्या दाखल्यावर मात्र चार ओळी जास्तीच्या होत्या. शेतीच्या वादातून सत्तरीच्या वृद्धास लाकडी दांड्याने मारहाण, डोक्यास दुखापत, आरोपीने गुन्हा कबूल केल्याने दंडाची शिक्षा.

व्यवस्थापिका विजयमालाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओळी त्याच राहिल्या.

"सुरभी, हे तुझंच आहे?"

"हो, ताई."

"म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात घातलंस तू?"

सुरभी उभी होती तशीच उभी राहिली. आपल्याला आता रडू यायला पाहिजे, असं तिला वाटलं. तिनं थोडी वाटही पाहिली, पण आलं नाही. मग तिनं दुसऱ्या कोणाची हकिकत सांगावी तसं सगळं सांगितलं.

धुऱ्याचं भांडण होतं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, आणि त्यापायी आमच्या भागात सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. शेजारचे भगवानराव नांगरताना दरवर्षी थोडा थोडा धुरा खात होते. एका सकाळी सुरभीचा मोठा भाऊ अक्षय याची त्यांच्याशी जुंपली. त्यानं बंडीची उभारी, म्हणजे बैलगाडीच्या कडेचा लाकडी दांडा, उपसली आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात घातली. रक्त, टाके, दवाखाना. दवाखान्यात गेलं की पोलिसांत जाणं आलंच. पण अक्षय तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे गावाबाहेर धावायचा, कच्ची अंडी खायचा. त्याच्यावर गुन्हा लागला तर सगळंच बुडालं.

मग गावातले चार शहाणे बसले. नाव तर कोणाचं तरी द्यावंच लागणार, पण पोराचं कायले देता? सुरभी तेव्हा वीस वर्षांची, लग्नाची. "पोरगी लग्न करून जाईन, तिले कुठं नोकरी करा लागते?" असं तिचे वडील म्हणाले आणि ते सगळ्यांना पटलं. आई नंदाबाई तेवढी गप्प होती, पण आईच्या गप्प बसण्याचा अर्थ नेहमी होकारच धरला जातो. भगवानरावांनाही पटलं, कारण बदल्यात धुऱ्याची ती जमीन त्यांना मिळाली. त्यांनी जबाबात पोरीचं नाव सांगितलं. सगळ्यांचं भलं झालं, असं म्हणत लोक उठले. सुरभी आत भाकरी थापत होती. तिला कोणी विचारलं नाही आणि आपल्याला विचारायला हवं होतं, हे तिलाही तेव्हा कळलं नाही.

पुढं लग्न झालं, तारखा मात्र सुटेनात. दर वेळी दिग्रसहून कोर्टात यावं लागायचं आणि सासरी कटकट व्हायची. वकील म्हणाला, कबूल करा, दंड भरा, मोकळ्या व्हा. तिनं कबूल केलं. मोकळी झाले, असं तिला त्या दिवशी खरंच वाटलं होतं. अक्षय तोवर पोलिसाच्या वर्दीत गावात यायला लागला होता. त्याची चारित्र्य पडताळणी झाली तेव्हा त्याच्या नावावर काहीच निघालं नव्हतं.

विजयमालाताईंनी ऐकून घेतलं. बाई कडक होत्या, पण आंधळ्या नव्हत्या. सहा वर्षांत या पोरीचा आवाजसुद्धा कोणावर चढलेला त्यांनी ऐकला नव्हता.

"तुझ्या भावाला एकदा इथं आण," त्या म्हणाल्या. "लिहून काही नको, त्याची नोकरी मला घालवायची नाही. फक्त माझ्यासमोर तोंडी म्हणू दे, की हिनं मारलं नाही. पुढं ट्रस्टींना काय सांगायचं ते मी माझ्या जबाबदारीवर सांगते."

तोवर सुरभीनं म्हाताऱ्यांच्या अंगाला हात लावायचा नाही, असा ट्रस्टचा हुकूम होता. तिला स्वयंपाकघरात बसवलं. पलीकडच्या खोलीत सुखीबाई होती, घाटंजीकडच्या तांड्यावरची, अर्ध्या अंगावरून वारं गेलेली. नव्या पोरीला ती कूस बदलू देईना. "याडी! ए याडी!" अशी हाक मारत राहिली. याडी म्हणजे आई. ऐंशीची म्हातारी तिशीतल्या सुरभीला आई म्हणायची आणि आश्रमात आता त्याचं कोणाला हसू येत नव्हतं. सुरभी लसूण सोलत होती. हाक ऐकू येत होती आणि तिचे हात लसूण सोलत होते. आपल्याला काहीच कसं होत नाही, याचं तिला दुरून नवल वाटलं.

अक्षय आला, साध्या कपड्यांत, पण चालणं वर्दीतलंच. येताना त्यानं सुरभीसाठी चिवड्याचा पुडा आणला होता. माणूस वाईट नव्हता. दर राखीला साडी द्यायचा, नवरा सोडून गेला तेव्हा त्याला झोडायला पुण्याला निघाला होता.

सुरभी चहा घेऊन ऑफिसात आली तेव्हा विजयमालाताई विचारत होत्या, "अक्षयभाऊ, एवढंच सांगा. त्या दिवशी हात कोणाचा होता?"

अक्षयनं बहिणीकडं पाहिलं. मग भिंतीकडं, मग टेबलावरच्या पेनाकडं. घसा साफ केला.

"मॅडम, लहानपणापासून थोडी तापट होती ते. वय होतं, झालं हातून. पण आता लय सुधरली हो. मी भाऊ म्हणून ग्यारंटी घेतो तिची."

आपण बहिणीची बाजू घेतली, असं त्याला मनापासून वाटलं असावं, कारण बोलून झाल्यावर त्यानं मोकळेपणानं चहाचा कप उचलला. विजयमालाताई सुरभीकडं बघत राहिल्या. ती बोलेल, कप आपटेल, निदान 'दादा' म्हणून ओरडेल, म्हणून त्यांनी बराच वेळ दिला. सुरभीनं बशीत सांडलेला चहा फडक्यानं टिपला.

"मग माझ्या हातात काही राहिलं नाही गं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी दाखला फाइलीत घातला.

कपड्यांची पिशवी भरायला वेळ लागला नाही. सुखीबाईच्या खोलीपाशी ती थांबली नाही, कारण थांबून करायचं काय, ते तिला ठाऊक नव्हतं. अक्षयनं पिशवी गाडीच्या टाकीवर ठेवली, तिला मागं बसवलं. रस्त्याला लागल्यावर वाऱ्यात मान वळवून तो बोलू लागला.

"मनाले लावून घेऊ नको, सुरे. मले तसं बोला लागलं. नोकरीचा सवाल आहे, लेकरं आहेत. अन् एका परीनं बरंच झालं. आई खाटेवर पडली, तुले तं मालूम आहे. तुह्या वहिनीच्यानं होत नाही तिचं. बाई ठेवली होती, तिनं आठ दिवसांत पाठ दाखोली. तू तं शिकेल माणूस यातली. घरीच राह्य. तिथं कोण कागद मागते तुले?"

सुरभी म्हणाली, "दादा, म्हाताऱ्या माणसाले मारणारी बाई तू आईजवळ ठेवशीन?"

अक्षय खळखळून हसला. अगदी लहानपणी हसायचा तसा, मायेनं.

"काय बोलून राह्यली येड्यावानी! तू कशी आहे, ते मले मालूम नाही का?"

"थांबव गाडी."

बसस्टँडजवळची फळांची दुकानं लागली होती. आईसाठी संत्री घ्यायची असतील असं समजून त्यानं गाडी बाजूला घेतली, पैसे काढायला खिशात हात घातला. सुरभीनं टाकीवरची पिशवी उचलली.

"तू जाय दादा. मी नाही येत."

"अवं, अन् जाशीन कुठं?"

"ते मले मालूम नाही," ती म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे हात थरथरायला लागले.