आरशाची बाजू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या विवेकवादी मंडळातल्या एकालाही नाही. तुम्हाला लिहून सांगायला बसलोय.

मी पत्रकं लिहितो. कुंभकोणमच्या बाजारात उभा राहून तमिळमध्ये ओरडतो: मानू नका, विचारा! दोन वर्षं माझ्या भाषणात एक काचेचा गोळा असायचा. आत सुईच्या टोकावर चार पात्यांची भिंगरी. प्रत्येक पात्याची एक बाजू आरसा, दुसरी काजळीसारखी काळी. उन्हात धरला की फिरायची. मी गरजायचो — मंत्र नाही, देव नाही, नुसता उजेड ढकलतोय! आरशावरून उजेड उलटतो, म्हणून तिथे धक्का दुप्पट!

गोळ्याची पितळी बैठक जवळच्याच नाचियार्कोविल गावच्या गोविंदननी करून दिली होती. जन्मभर समया ओतणारा, घासणारा माणूस. भर सभेत ते उठले, धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले, "तंबी, आरशाला धक्का जास्त, तर आरसा मागे सरायला हवा. इथे काळी बाजू मागे पळते. उलटं फिरतंय की रे!"

केवढा सरळ प्रश्न! आणि मी? — मी वरवर आदराने म्हणालो, "अय्या, देवळांना दिवे पुरवून पुरवून डोळ्यांत काजळी गेली तुमच्या." सभा खदखदली. ते खाली बसले. टाळ्या मला.

मला माहीत नव्हतं, असं वाटतंय ना तुम्हाला? तसं असतं तर — नाही. गोळ्याच्या खोक्यात एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं: उजेडाचा धक्का खरा, पण इतका नाजूक की ही भिंगरी त्याने हलायची नाही. आत उरलेली विरळ हवा काळ्या बाजूशी तापते, ती ढकलते. सभेआधीच वाचला होता. वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. 'नुसता उजेड ढकलतोय' ही घोषणा पत्रकांवर छापून झाली होती ना!

गेल्या महिन्यात बैठक सैल झाली, म्हणून त्यांच्याचकडे गेलो. हो, गेलो! त्यांची लेक भात्यापाशी बसली होती. गोळा निरखून म्हणाली, "अप्पा, ही काळी बाजू मागे का —"

"विचारू नको गं," ते हळूच म्हणाले. "हसतात."

बैठक घट्ट करून त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. कागद माझ्या खिशातच होता. मी हात जोडले आणि बस पकडली.

आणि आज हे लिहितोय तेही घरच्या मराठीत — त्यांना वाचता येत नाही त्या भाषेत.