गाठी विरल्यावर

आत्या इस्पितळात तान्ह्या बाळांच्या हृदयाची सोनोग्राफी करते. थंडगार जेल आधी आपल्या तळहातावर घेऊन कोमट करायचं, मगच बाळाच्या छातीला लावायचं, ही तिची रीत. पडद्यावर काय दिसतंय ते मात्र ती सांगत नाही. ते काम डॉक्टरांचं. सव्वीस वर्षांत तिचा चेहरा त्यामुळे पाटीसारखा कोरा झालाय, असं काका तिला चिडवतात.

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा दोन दिवसांची होती. हृदयात तीन गाठी, सर्वांत मोठी वाटाण्याएवढी. तिच्या गाठींनी रक्ताची वाट अडवली नव्हती, आणि अशा गाठी बहुधा आपोआप विरतात. पण त्या एका दुर्मिळ, जन्मजात आजाराची खूण असू शकतात, आणि तो पुढे मेंदूत डोकं वर काढतो. डॉक्टरांनी आईला हे सगळं समजावून सांगितलं होतं.

मायलेकी दर महिन्याला येऊ लागल्या. सहाव्या महिन्यात मुलीला झटके सुरू झाले. मग आई आधी वरच्या मजल्यावर मेंदूच्या डॉक्टरांकडे जायची आणि तिथून खाली आत्याकडे. वर औषध वाढलेलं असायचं, खाली गाठी लहान झालेल्या.

"अख्ख्या इस्पितळात चांगली बातमी मिळते ती तुमच्याच खोलीत," एकदा ती म्हणाली.

"मी कुठे काय सांगते?"

"तोंडाने नाही सांगत. पण गाठ लहान दिसली की हिच्याशी गप्पा मारायला लागता. मागच्या खेपेला तर हिचं लग्नच जमवत होता."

पंधराव्या महिन्यात एकही गाठ दिसली नाही. हृदय स्वच्छ आहे, आता एकदम तीन वर्षांनी या, असं सांगून डॉक्टर गेले. आई उठेना. मुलीचे मोजे नीट असूनही ओढत राहिली.

"ताई, पुढच्या महिन्यात आलो तर चालेल? तपासू नका. नुसतं पडद्यावर दाखवा."

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मशीन लावता येत नाही.

"साडेबाराला मी जिन्याजवळच्या बाकावर डबा खाते," आत्या म्हणाली. "तिथे या."

दोन महिने त्या आल्या. मुलीने आत्याच्या डब्याचं झाकण वाजवलं, चष्मा ओढला. तिसऱ्या महिन्यात आल्या नाहीत. त्यानंतरही नाही.

आत्या अजून त्याच बाकावर बसते, जिन्याकडे तोंड करून. मुलगी चालायला लागली का, हे वर विचारलं तर कळेल. एकच मजला आहे. आत्या अजून विचारायला गेलेली नाही.