कोऱ्या पाठीवरच्या सात ओळी

"वाचा काका," मी म्हणाले आणि शमुवेलकाकांनी तक्त्यावरच्या सातही ओळी धडाधड वाचून टाकल्या. शेवटच्या बारीक ओळीलाही अडखळले नाहीत.

तिथेच मला शंका आली. साठीचा माणूस शेवटची ओळ वाचत नाही. मी तिशीची होते आणि मलाही ती चष्म्याशिवाय लागत नसे.

गोष्ट एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची. सिंदी रेल्वे गावाजवळच्या मिशनच्या दवाखान्यात मी चष्म्याचे नंबर काढत असे. काम सोपं. पेशंटला वीस फुटांवर बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची. वरची ओळ मोठी, खालच्या लहान लहान होत जातात. आमची चूक एवढीच की थांबलेल्या पेशंटांचा बाक त्याच खोलीत होता. काका त्यावर तासभर शांत बसले होते आणि त्यांच्या आधीच्या नऊ जणांनी तोच तक्ता मोठ्याने वाचला होता.

काका आमच्या चर्चच्या मंडळीचे वाचक. दर रविवारी उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ तेच वाचत. आवाज असा की मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबायची. वाचताना भाषा एकदम पुस्तकी, एरवी अस्सल वऱ्हाडी.

मी टॉर्च मारून पाहिला. दोन्ही बाहुल्या भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या पांढऱ्या. पिकलेला मोतीबिंदू. या डोळ्यांना उजेड-अंधार कळत असेल, अक्षर नव्हे.

मग मला खोडी सुचली. मी तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा करून कोरी पाठ पुढे ठेवली आणि म्हणाले, "आता दुसरा डोळा."

काकांनी कोरा पुठ्ठा वाचला. सातही ओळी, एकही चूक नाही. दुसऱ्याच ओळीला थांबवायला हवं होतं, पण मी त्यांना शेवटपर्यंत वाचू दिलं. मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू?

"काका, ही तक्त्याची पाठ आहे. कोरी."

त्यांचा हात डोळ्यावरून खाली आला. माझी मजा तिथेच संपली.

"सिस्टर, कोणाले सांगू नका. हात जोडतो."

दोन वर्षांपासून त्यांना वाचता येत नव्हतं. आठवडाभर त्यांच्या पत्नी रूथकाकू पाठ वाचून दाखवायच्या, काका तो तोंडपाठ करायचे आणि रविवारी पुस्तक उघडून म्हणायचे. तपासणीलाही काकूंनीच बळेच धाडलं होतं.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले. त्यांचं बोलणं नेहमीच तारेसारखं तुटक. "ऑपरेशन या आठवड्यात. उशीर केला तर डोळे जातील. सिस्टर, समजवा."

मी समजावलं. तेव्हा ऑपरेशननंतर दोन्ही डोळे बांधून आठ दिवस उताणं पडावं लागे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, हसायचं नाही, घासही दुसऱ्याच्या हातून.

"मंडळी भेटाले येईन," काका म्हणाले. "इचारन, कवापासून दिसत नाई? मंग काय सांगू? दोन वर्सं देवाच्या घरात नाटक करून राह्यलो?"

"देवाला तर ठाऊकच आहे ना?"

"देवाचं काई नाई वो. तो कोणाले सांगत नाई. मंडळीचं भेव वाटते."

मीही कोणाला सांगणार नाही, असं वचन दिलं आणि ते गेले. डोळे गेले तरी चालतील, पण कळता कामा नये, असा हिशेब. मला राग आला आणि रडूही आलं.

त्याच महिन्यात चर्चमध्ये नवे पाळक आले होते. त्या रविवारी त्यांनी नवीनच टूम काढली. ठरलेला पाठ बाजूला ठेवून म्हणाले, "आज दुसरा पाठ घेऊ. काका, देव माणसाला आतून-बाहेरून ओळखतो, ते स्तोत्र वाचा."

काकांनी पुस्तक उघडलं. पानं चाळली. पुन्हा चाळली. रूथकाकूंनी पदर तोंडावर घेतला. मी हातात हात घट्ट धरून बसले. शेवटी काकांनी पुस्तक मिटलं.

"मले दिसत नाई," ते म्हणाले. "दोन वर्सांपासून. मी पाठ करून म्हनत होतो. माफी करा."

बायकांच्या बाजूने शांताबाई उठल्या. दाईचं काम करणाऱ्या, गावात कोणाला न भिणाऱ्या.

"आमाले ठाव हाय, काका. पुस्तकाची नवी बांधणी झाली तवापासून तुमी ते उलटं धरता."

पुठ्ठा दोन्हीकडून सारखाच होता. बिचाऱ्यांना हाताला कळणार कसं?

"सगळ्याइले?" काकांनी विचारलं.

"सगळ्याइले."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तुमच्या तोंडून आयकाले बरं वाटते. तुमी शरमिंदे होऊन बंद केलं असतं त?"

काका उभ्या उभ्या रडले. दोन वर्षं ज्यांच्यापासून लपले, त्यांनीच त्यांना सांभाळून घेतलं होतं.

पण मला वेगळाच धक्का बसला होता. दुसऱ्या बाकावर बसून, डोळ्यांचंच काम करून, मला उलटं पुस्तक कसं दिसलं नाही? मी शांताबाईंना हळूच म्हणाले, "मला नव्हतं माहीत."

"तुमाले कसं ठाव रायन, सिस्टर? पाठ सुरू झाला का तुमचे डोये मिटते. आमाले वाटे प्रार्थना करता. मंग एक दिवस तुमी घोरल्या."

मंगळवारी ऑपरेशन झालं. भरवायला मंडळीने पाळ्या लावल्या. न हसण्याचा नियम पाळणं सर्वांत जड गेलं, कारण येईल त्याला कोऱ्या तक्त्याची गोष्ट काका स्वतःच सांगत. मी मात्र बाक खोलीबाहेर हलवला.

पुढे जाड भिंगांचा चष्मा लावून काका पुन्हा वाचायला उभे राहिले. पुस्तक सुलट. दोनदा अडखळले, पाठ केलेलं याहून छान व्हायचं. तिसऱ्या ओळीला थांबून त्यांनी चष्म्यातून दुसऱ्या बाकाकडे पाहिलं.

"सिस्टर, आता मले दिसते बरं."

मी डोळे उघडले.