जुना पार्ट कुठे आहे?

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीतली असती तर 'वरिष्ठांचा आदेश होता' म्हणून कधीच मोकळा झालो असतो. पण ही निवृत्तीनंतरची. हिच्यात फिर्यादी मी, तपासी अंमलदार मी, पंच मी आणि निकाल देणाराही मीच होतो. कुणाचेही नाव घेणार नाही. एका माणसाचे नाव मी एकदा घेतले आणि त्याचे व्हायचे तेवढे नुकसान झाले.

मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मुलगी आणि जावई जर्मनीत, हॅनोव्हरला असतात. जावई मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर. एका उन्हाळ्यात आम्ही नवराबायको तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो, तेव्हाच त्यांच्या जुन्या गाडीची तपासणी आली होती. तिकडे दर दोन वर्षांनी ब्रेक, दिवे, टायर, गंज असे सगळे तपासतात. गाडी पास झाली की मागच्या नंबरप्लेटवर एक रंगीत गोल स्टिकर लावतात, त्याला प्लाकेटे म्हणतात. तपासणारा इंजिनिअर बाहेरच्या संस्थेचा असतो आणि ठरलेल्या वारी गॅरेजमध्ये येतो. दुरुस्त करणारा वेगळा, पास करणारा वेगळा. ही व्यवस्था ऐकून मला बरे वाटले आणि लगेच संशयही आला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

संशयाला कारणही होते. सेवेत असताना ट्रकच्या बोगस फिटनेस प्रमाणपत्रांचा तपास माझ्याकडे होता. कागदावर नवे ब्रेक, प्रत्यक्षात जुनेच. गॅरेजवाला चार दिवस दाद देईना. पाचव्या दिवशी मी एकच प्रश्न धरून बसलो, "नवा बसवलास ना? मग काढलेला जुना पार्ट कुठे आहे?" त्याला तो दाखवता येईना आणि तिथेच तो फुटला. आपल्याकडे गिऱ्हाईक जुना पार्ट पिशवीत घालून घरी नेते, कारण तो म्हणजे काम झाल्याचा पुरावा. त्या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते अजून आमच्या दिवाणखान्यात आहे.

हॅनोव्हरमधली बरीचशी मराठी मंडळी एकाच गॅरेजात जात. मालक माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, एकटाच राबणारा जर्मन. पहिल्यांदा कोण गेले कुणास ठाऊक, पण एकाने दुसऱ्याला सांगितले आणि रांग लागली. जावयांनीही गाडी तिथेच दिली. त्याने ती वर उचलून पाहिली आणि पुढचे दोन्ही ब्रेक कॅलिपर अडकत आहेत, बदलावे लागतील, असे सांगितले. कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रेकचा भाग. ते बदलले, मंगळवारी तपासणारा आला, गाडी पास झाली आणि प्लाकेटे लागले. विषय तिथे संपायला हवा होता.

पुढच्या रविवारी कुणाच्या तरी घरी सगळे जेवायला जमलो होतो. मी पोलिसात होतो हे कळल्यावर माणसे दोन प्रकारे वागतात. काही गप्प होतात आणि काही खबऱ्या होतात. संगणक क्षेत्रातला, बोलण्यात जर्मन शब्द पेरणारा एक गृहस्थ ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला.

"काका, त्या वेर्कश्टाटवाल्याकडे, त्या गॅरेजात गाडी दिलीत ना? एक सांगू? दर गुरुवारी त्याच्याकडून जुन्या पार्ट्सचे क्रेट भरून एक व्हॅन जाते. मी स्वतः पाहिलंय. आता जुने पार्ट खराब असतील तर एवढे जपून कशाला पाठवायचे?"

"म्हणजे चांगले पार्ट काढून घेतो आणि विकतो, असं तुमचं म्हणणं?"

"मी काही म्हणत नाही हं. आल्झो, म्हणजे तुम्हीच काय ते समजा."

खबर देणारा स्वतःच्या अंगावर काही घेत नाही, हे मी शेकडो वेळा पाहिले होते. तरी माझ्या डोक्यात चक्र सुरू झाले. आमची गाडी तर आधीही छान थांबत होती. मी स्वतः शेजारी बसलो होतो.

घरी जाताना जावयांशी बोललो. ते म्हणाले, "बाबा, ते तसं नसतं. इकडे जुने कॅलिपर..."

मी त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही. "जावईबापू, तुम्ही गाड्या ओळखता, मी माणसं ओळखतो."

 सासऱ्यांना उलट उत्तर द्यायचे नाही, हे संस्कार घेऊन ते हॅनोव्हरला आले होते. त्या संस्कारांचे मला तेव्हा कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी मुलीला दुभाषी म्हणून घेऊन मी गॅरेजात गेलो. तो एका गाडीखाली होता. बाहेर आला, फडक्याला हात पुसले. मी माझा जुना प्रश्न टाकला, काढलेले पार्ट कुठे आहेत?

मुलीने विचारले. तो बोलला. ती म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत की नेहमीप्रमाणे ते कंपनीकडे परत गेले."

"त्याला विचार, कोणती कंपनी? पावती दाखव म्हणावं. आपली वस्तू आपल्याला न विचारता कशी दिली?"

"बाबा, असं नाही विचारता येत इथे."

"तू फक्त भाषांतर कर."

तिने केले. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. त्याने हळू आवाजात पुन्हा तेच सांगितले, बिलावर लिहिलेले आहे म्हणाला. मग मी बोलायचे थांबलो. चौकशीत शांतता हे मोठे हत्यार असते. समोरच्याला ती सोसवत नाही, तो काहीतरी बोलून ती भरतो आणि अडकतो. हा भरेना. मिनिटभर माझ्याकडे पाहत राहिला, मान हलवली आणि पुन्हा गाडीखाली गेला.

माझा अनुभव असा, की खोटा आळ आला तर खरा माणूस आधी चिडतो. हा चिडला नव्हता. खाई त्याला खवखवे, मी मनात म्हटले. प्रत्येक आरोपी 'परत दिला' असेच म्हणतो. बिल माझ्या खिशात होते. मी ते एकदाही कुणाकडून वाचून घेतले नाही.

संध्याकाळी तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी संदेश लिहिला. पंचनामा लिहावा तसा मुद्देसूद. गॅरेजचे नाव, मालकाचे नाव, काढलेला मुद्देमाल दाखवू शकला नाही, उत्तरे असमाधानकारक, सबब सर्वांनी सावध राहावे. खाली माझे नाव आणि 'पोलीस निरीक्षक, निवृत्त'. जावई स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि म्हणाले, "बाबा, पाठवण्याआधी एकदा मला दाखवता का?" तोवर माझा संदेश पाठवून झाला होता. अंगठ्यांचा पाऊस पडला. 'काका, ग्रेट काम', 'शेवटी अनुभव तो अनुभव'. खूप वर्षांनी मला ड्यूटीवर असल्यासारखे वाटले. हे लिहायला लाज वाटते, पण ते खरे आहे.

आता पुरावा पक्का करायचा होता. गुरुवारी सकाळी मी थर्मासमध्ये चहा भरून गॅरेजसमोरच्या बसथांब्यावर जाऊन बसलो. साडेदहाला व्हॅन आली. मालकाने स्वतः क्रेट उचलून आत ठेवले. व्हॅन जरा पुढे जाऊन सिग्नलपाशी दुसऱ्या गॅरेजसमोर थांबली. तिथेही क्रेट होते. मी धापा टाकत पोहोचलो आणि फोनवरच्या भाषांतरातून ड्रायव्हरला विचारले, हे कुठे नेता?

त्या भल्या माणसाने फोन हातात घेऊन सावकाश सगळे सांगितले. जुने कॅलिपर कारखान्यात परत जातात. तिथे ते साफ करून, आतले भाग बदलून, तपासून पुन्हा विकायला येतात. नवा घेताना गॅरेजवाल्याला अनामत भरावी लागते आणि जुना परत केला की ती सुटते. शहरातली बहुतेक गॅरेजेस असेच करतात. मग त्याने हौसेने क्रेटमधला एक उचलून दाखवला. गंजून त्याचा दट्ट्या जाम झाला होता. त्याच्या वहीत मागच्या गुरुवारच्या पानावर आमच्या गाडीचा नंबर आणि पुढे असाच जाम झाल्याचा शेरा होता.

मी ती नोंद दोनदा वाचली. मग बसथांब्यावर परत येऊन बसलो. दोन बसेस गेल्या, मी चढलो नाही.

घरी येऊन बिल जावयांपुढे ठेवले. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. "हे बघा. अदलाबदलीचा पार्ट, जुना परत घेतला. मी त्या दिवशी हेच सांगत होतो, बाबा." आवाजात राग नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या कळशाने तर बोलायचाही प्रयत्न केला होता, मीच त्याला गप्प केले होते.

मी ग्रुपवर खुलासा लिहिला. पहिल्याइतकाच मुद्देसूद, माझी चूक झाली असे स्पष्ट शब्दांत. चार अंगठे आले. बूंद से गई वो हौद से नहीं आती. पहिला संदेश तोवर शेजारच्या ब्राउनश्वाइग शहराच्या आणि आणखी कुठल्या कुठल्या ग्रुपवर पोहोचला होता. खुलासा कुणी पुढे पाठवला नाही. कुणी चोर नाही, ही काय बातमी झाली?

मग मुलीला घेऊन माफी मागायला गेलो. त्याने ऐकून घेतले. बसायला स्टूल दिले. म्हणाला, तुमच्या लोकांचे फोन येणे बंद झाले तेव्हा मला वाटले सगळे सुट्टीला गेले असतील. मग एका बाईने मला तो मजकूर भाषांतर करून दाखवला. तुम्ही पोलीस होतात हे वाचून मी माझीच बिले पुन्हा काढून तपासली, कुठे चुकलो का ते पाहायला.

हे भाषांतर करताना मुलगी मध्येच थांबली. मला ते एक वाक्य ऐकायला बराच वेळ लागला.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. गॅरेज चालू होते, पण तपासणारा आता त्याच्याकडे येत नव्हता. पुरेशा गाड्या जमत नाहीत म्हणून त्याची मंगळवारची फेरी बंद झाली होती. तपासणीसाठी त्याला लोकांच्या गाड्या दुसऱ्याच्या गॅरेजात न्याव्या लागत. मी ठरवले, मीच गिऱ्हाइके आणून देईन.

गणपतीत भाड्याच्या हॉलमध्ये आरती झाली. प्रसादाच्या रांगेत सांगलीची एक मुलगी भेटली, विद्यापीठात पीएचडी करणारी. तिने जुनी गाडी घेतली होती, महिनाअखेर तपासणी होती आणि प्रामाणिक गॅरेज कुठले ते ती सगळ्यांना विचारत होती. मी पुढे झालो आणि त्याचे नाव सांगितले.

"नको काका, तो नको. त्याच्याबद्दल एका पोलीस अधिकाऱ्याने तपास करून लिहिलंय. अगदी पुराव्यानिशी."

"तो अधिकारी मीच. मी चुकलो होतो. तो माणूस सचोटीचा आहे."

तिने आजूबाजूला पाहिले. मग तिने आवाज खाली आणला. "काका, तुमच्यावर कुणी प्रेशर आणलं का? म्हणजे वकिलाची नोटीस वगैरे? सांगू नका हवं तर. मी समजू शकते."

मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. ती समजुतीने मान हलवत राहिली. उलटलेल्या साक्षीदाराकडे मी न्यायालयात ज्या नजरेने पाहत असे, ती नजर मला तिच्या डोळ्यांत दिसली. तिने गाडी दुसरीकडे दिली.

या प्रकरणाने काय शिकवले, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे नाही. संशय घेणे हे पोलिसाचे काम आहे आणि ते मी आजही चूक मानणार नाही. पण सेवेत माझ्या काही प्रकरणांत आरोपी निर्दोष सुटले. 'पुराव्याअभावी सुटला' असे म्हणून मी फाइल बंद करत असे आणि पुढच्या गुन्ह्याकडे वळत असे. ती माणसे आपापल्या गावी परतली असतील, दुकान उघडून बसली असतील. त्यांच्याकडे गिऱ्हाईक आले का, हे बघायला मी एकदाही गेलो नाही.