प्राथमिक फेरीतल्या सहा सह्या

त्या शनिवारची एकेक गोष्ट मला अजून स्वच्छ आठवते. महाराष्ट्र पोलीस दलातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी मुलीकडे शारजाला राहायला आलो होतो. नातीच्या शाळेत पालकांचा शिक्षण प्रतिनिधी निवडायचा होता. शाळेत कोणते विषय ठेवायचे यात त्याचा शब्द चालणार होता. उमेदवार पाच होते. प्राथमिक फेरीतले पहिले दोघे अंतिम निवडणुकीला उभे राहणार होते. पालकांनी निवडणूक अधिकारी म्हणून मला बसवलं.

त्या वर्षी मराठीचा तास बंद होण्याची चर्चा होती. तो टिकवणार असं उघड सांगणाऱ्या उमेदवार एकच, फार्मसिस्ट असलेल्या एक बाई. माझी नात मला इंग्रजीत उत्तरं देते, त्यामुळे मनातून मी त्यांच्याच बाजूने होतो. पण पेटी मी सर्वांना रिकामी दाखवून सील केली आणि टेबलावरच्या मदतनीस पालकांना नोंदवहीत प्रत्येकाची सही घेऊनच मतपत्रिका द्यायला सांगितलं.

दुपारी डिलिव्हरी व्हॅन चालवणारे एक पालक आले. मूळचे चिपळूणचे.

"साहेब, माझं मत आधीच पडलंय म्हणतात."

नोंदवहीत त्यांच्या नावापुढे इंग्रजीत सही होती. त्यांनी मोबाइलवर पासपोर्टचा फोटो दाखवला. त्यावरची सही मराठीत होती.

"येणार नाही असं कोणाला सांगितलं होतंत?" मी विचारलं.

"काल पालकांच्या ग्रुपवर टाकलं होतं. ड्यूटी होती. आज सुपरवायझरने सोडलं."

मी मतदान थांबवलं, नोंदवही ताब्यात घेतली आणि दोन पालकांसमोर पंचनामा लिहिला. मग ग्रुपवरचे कालचे मेसेज पाहिले. 'उद्या कोणाला जमणार नाही?' असं एकाने विचारलं होतं. सहा जणांनी नाही म्हटलं होतं. त्या सहाही नावांपुढे सह्या होत्या. विचारणारा गृहस्थ सकाळपासून नोंदवहीच्याच टेबलावर बसला होता. एका कंपनीत अकाउंटंट, स्वभावाने गरीब.

त्याला मी स्टाफरूममध्ये नेलं. आवाज चढवला नाही. खरं बोलायला तयार असलेला माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, स्वतःच्या हातांकडे बघतो. तो हातांकडे बघत होता. मी मेसेज आणि नोंदवही शेजारी शेजारी ठेवली.

"सर, ते येणारच नव्हते," तो म्हणाला. "मतं फुकट गेली असती. मराठीचा तास वाचावा म्हणून सह्या करून बाईंना टाकली. बाईंना यातलं काही माहीत नाही."

मी पाणी दिलं आणि जबाब लिहून घेतला. खरं सांगतो, पेन क्षणभर थांबलं होतं. एका ड्रायव्हरला नवी मतपत्रिका देऊन प्रकरण मिटवता आलं असतं. पण त्या बाईंना बोलावून मी सगळं सांगितलं.

विचार करायला त्या खालीसुद्धा बसल्या नाहीत. "काका, सगळं मतदान रद्द करा. पेटीतली माझी मतं कोणती खरी, हे मला कधीच कळणार नाही."

पुढच्या शनिवारी फेरमतदान झालं. त्या सहापैकी पाच जण स्वतः आले. दोघांनी त्यासाठी शिफ्ट बदलून घेतली होती. अकाउंटंटने सर्वांसमोर माफी मागितली आणि तो मतदार म्हणून रांगेत उभा राहिला. बाई दोन मतांनी तिसऱ्या आल्या, म्हणजे अंतिम निवडणुकीतून बाहेर पडल्या. निकालाच्या कागदावर मी सही करत असताना त्या शेजारीच उभ्या होत्या.

"काका, माझी काहीच हरकत नाही," त्या म्हणाल्या, "मोजणी नीट झाली."

स्वतःच्या फायद्यासाठी गुन्हा करणारे मी नोकरीत पुष्कळ पकडले. आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीसाठी कोणी खोटं करतो, तेव्हा त्याला पकडताना हात जड होतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. खून, दरोड्यांच्या तपासाबद्दल मला पदकं मिळाली आहेत. पण कोणी विचारलं तर मी आधी शारजाच्या त्या शाळेतल्या तपासाचं सांगतो. त्यात माझी बाजू हरली आणि तरीही त्या दिवशी मी मान ताठ ठेवून घरी आलो.