अष्टावधानी टेलर आणि कोटाचा आतला खिसा

अष्टावधानी हे नाव त्याला मेहुण्याने चेष्टेनं ठेवलं होतं. टेलरने ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं, त्यामुळे मेहुण्याची चेष्टा फुकट गेली.

घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. मशीनसमोरच्या खिडकीत टॅबलेट उभा केलेला, त्यावर मॅच. मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला फोन, फोनवर गिऱ्हाईक. दुसरा फोन मांडीवर, त्यात नातेवाइकांचा ग्रुप. ह्या ग्रुपचा तो कर्ता पुरुष होता. कुणाची दाढ दुखतेय असं कळायचा अवकाश, दाढ धरलेला हात खाली यायच्या आत ह्याचा सल्ला हजर. बायको दिवसभर दवाखान्यात कामाला, म्हणून आतल्या गॅसवरचं दूधही ह्याच्याच अखत्यारीत. ते रोज उतू जायचं आणि रोज तो म्हणायचा, आज दूधच जरा वेगळं होतं. एवढं सगळं सांभाळून तो शिवायचासुद्धा.

एकदा मॅच रंगात आली असताना तो आनंदाने उभा राहिला, तर त्याच्याबरोबर गिऱ्हाइकाचा पडदाही उठला. त्याच्याच शर्टाचं टोक पडद्यात शिवलं गेलं होतं. गिऱ्हाईक समोरच बसलेलं. तो म्हणाला, “बघा, शिलाई किती पक्की आहे.” अशा माणसाकडे लोक का येत होते? तर बोलणं लाघवी, आणि चूक दाखवली की वाद न घालता उसवून द्यायचा. उसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सरावच तेवढा होता.

मुलगी मात्र गिऱ्हाईक नव्हती. शाळेच्या नाटकात ती राजकन्या झाली तेव्हा त्याने झग्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. पोरगी अख्खं नाटक उजवा हात वर धरून वावरली. लोकांना वाटलं, राजकन्या ऊठसूट शपथ घेतेय.

ती मुलगी वकील झाली आणि पहिल्यांदा कोर्टात उभी राहायची वेळ आली. आता कोट लागणार, गाऊन लागणार. टेलर गळ्यात टेप घालून वाटच बघत होता. मुलगी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, “बाबा, कोट मी समोर दिलाय शिवायला.”

समोर, रस्त्यापलीकडे, एक टेलर होता. त्याच्या टेबलावर कापड सोडून काही नसायचं आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. अष्टावधानी त्याला मख्ख म्हणायचा.

“त्या मख्खाकडे?”

“मख्ख आहे, पण त्याला बाह्या कळतात.”

“आणि मला कळत नाहीत?”

“कळतात रे. पण तू शिवत असतोस तेव्हा तिथे नसतोस, बाबा.”

ती चिडून बोलली असती तर त्याने वाद घातला असता. ती समजुतीने बोलली, म्हणून त्याने गळ्यातला टेप काढून ठेवला. मग त्याने हळूच विचारलं, “आणि गाऊन?”

“त्याचं बघू,” ती म्हणाली. “सध्या मैत्रिणीचा घालेन.”

त्या ‘बघू’वर त्याचा सगळा जीव टांगलेला राहिला. गाऊन तरी आपल्या हातचा तिच्या अंगावर चढावा, एवढंच त्याला हवं होतं. हे दुःख त्याने लगेच मेहुण्याला फोन लावून सांगायला घेतलं. सांगता सांगता पाय पेडलवर तसाच, आणि सुई जाड कापडात अडकलेली. जळका वास आला तेव्हा तो दूध समजून आत पळाला. दूध सुखरूप होतं. मशीनची मोटार गेली होती.

बायकोने कपाटावरून स्वतःचं हातमशीन खाली काढलं. “मोटार दुरुस्त होईपर्यंत ह्याच्यावर भागवा.”

“अगं, ह्याच्यावर बाहुलीचे कपडे शिवतात.”

“मग तुम्हाला झेपेल,” ती म्हणाली आणि कामाला गेली.

हातमशीनची गोष्ट अशी, की उजव्या हाताने मूठ फिरवायची आणि डाव्या हाताने कापड सरकवायचं. झालं, माणसाचे हात संपले. अष्टावधानीने पुष्कळ युक्त्या लढवल्या. फोन खांद्याशी धरला, पण मूठ फिरली की खांदा हलायचा. फोन घसरून सुईपुढे पडला आणि थोडक्यात वाचला. मग मेहुण्याला मूठ फिरवायला बसवलं. मेहुणा मॅच बघत फिरवू लागला. चेंडू अडला की मशीन अडायचं, आणि चौकार गेला की मशीन कापडासकट सुसाट सुटायचं. एका गिऱ्हाइकाची पँट त्यात कामी आली.

शेवटी नाइलाज झाला. टॅबलेट आणि दोन्ही फोन बायकोच्या कपाटात गेले; फोन फक्त दुपारी जेवताना बाहेर निघायचे, ग्रुपला उत्तरं देण्यापुरते. नाइलाजाला काही माणसं निश्चय म्हणतात. त्यानेही पुढे लोकांना तसंच सांगितलं.

सुरुवातीचे दिवस हाल झाले. फोन वाजला असं वाटून तो उठायचा, कपाटापर्यंत जायचा आणि पाणी पिऊन परत यायचा. पाणी मात्र पोटात भरपूर गेलं. पुढे पुढे उठणं कमी झालं, आणि एक दिवस त्याला आपली शिवण दिसली. वळणावर टाका वाकडा जात होता, आणि तो आज वाकडा जायला लागला असंही नव्हतं. त्याने गिऱ्हाइकांसाठी शिवून ठेवलेले जुने कपडे काढून पाहिले; सगळीकडे तेच. त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली. सांगायला हाताशी फोन नव्हता, म्हणून ती लाज त्याला एकट्यालाच निस्तरावी लागली. त्याने उसवलं आणि पुन्हा शिवलं. मोटार दुरुस्त होऊन आली, ती खोक्यातच राहिली.

कोर्टाच्या आदल्या दिवशी सकाळी मुलगी समोरून कोट घेऊन आली. अष्टावधानीने कॉलर चाचपली, बाह्यांचे मुंढे बघितले. खोट काढायला जागा नव्हती.

“बाबा, आतून खिसा सांगायचा राहिला. तू लावशील?”

“समोर नाही देत?”

“आतला आहे. दिसत नाही कुणाला,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

म्हणजे बिघडला तरी चालेल. त्याला ते बरोबर समजलं आणि लागलंही. त्याने दाराला कडी घातली, अस्तर उसवलं आणि मूठ धरली. त्या दिवशी तो जेवायलाही उठला नाही.

इकडे ग्रुपवर ताईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, विचारलं की गुडघ्याला गरम शेकू की गार. उत्तर नाही. मेहुण्याने फोन केला. उत्तर नाही. झोपला असेल, कुणीतरी लिहिलं. त्यावर दुसऱ्याने लिहिलं की तो झोपेतसुद्धा उत्तर देतो. मग कुणाला तरी आठवलं की परवा तो छाती चोळत होता. ही बातमी ग्रुपभर फिरून परत आली तोवर त्याला झटका आलेला होता. संध्याकाळी ताई आपला गुडघा विसरून दारात रडत उभी, मेहुणा दार बडवतोय, बायको दवाखान्यातून धावत आलेली आणि मुलगी वेगवेगळ्या चपला घालून.

आतून आवाज आला, “थांबा, कोपरा चाललाय.”

दारातली सगळी थांबली. झटका आलेला माणूस असं बोलत नाही. थोड्या वेळाने कडी निघाली. ताईचे सुजलेले डोळे बघून तो दचकला. “काय झालं? कोण गेलं?”

“तूच,” ताई म्हणाली.

“भाऊजी, अहो एक फोन उचलता येत नाही?” मेहुणा म्हणाला. “आमचा जीव गेला काळजीने.”

मुलीने कोट उचलला, खिशात हात घातला, कोपरे बोटांनी चाचपले. मग खिसा उलटा करून दिव्याखाली धरला. दिसत नाही म्हणून दिलेल्या खिशाकडे ती बराच वेळ बघत राहिली. टेलर भिंतीला टेकून उभा होता. इतकी धाकधूक त्याला तिच्या परीक्षांच्या वेळीही झाली नव्हती, कारण तेव्हा तो एकीकडे मॅच बघत होता.

“बाबा,” ती म्हणाली, “गाऊनला कापड किती लागेल?”

त्याने टेप घेतला. “अंदाजाने नको. सरळ उभी राहा.”

ती उभी राहिली. मेहुण्याचा फोन सारखा वाजत होता. “सगळे विचारतायत,” तो म्हणाला. “ग्रुपवर काय कळवू?”

“माप घेतोय म्हणून कळवा,” टेलर मान वर न करता म्हणाला, “आणि मधे बोलू नका, चुकेल.”