अविवाहित असल्याबाबत

आमच्याकडे साक्षगंध झालं की मुलगा जवाई होतो. लग्नाची वाट कोणी पाहत नाही. पुण्याचे लोक त्याला साखरपुडा म्हणतात आणि पेढे खाऊन मोकळे होतात. नागभीडच्या बाजूला मात्र त्या दिवसापासून आख्खं गाव त्याला जवाईच म्हणतं, आणि मुलीची आई त्याला नुसत्या चहावर परत पाठवत नाही. हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. तरीही मी घोडचूक केली, कारण मी स्वतःला फार हुशार समजते.

तो परदेशातला. ग्रामसभा आपलं जंगल कसं राखतात ते शिकायला गडचिरोलीत आला होता आणि मी त्याच जंगलांचे नकाशे काढण्याच्या कामावर होते. वर्षभर आम्ही एकाच जीपमधून धूळ खाल्ली. त्याचा व्हिसा संपत आला तेव्हा गावातल्या विहारात त्रिशरण पंचशील म्हणून आमचं साक्षगंध झालं, दोनशे माणसं जेवली, आणि चौथ्या दिवशी तो गेला. महिन्याभरात तिकडे त्याच्या आईला पक्षाघात झाला. तिला एकटीला टाकून तो आता इकडे येऊ शकणार नव्हता. म्हणजे मी गेले तर आमचा संसार होणार होता, नाहीतर नाही.

वाटा तीन होत्या. इथेच विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची, तर आधी नोटीस, मग तीस दिवसांची वाट, आणि त्यासाठी तो इथे हवा. ती वाट त्याच्या आईच्या खाटेपाशीच संपली. दुसरी, होणाऱ्या बायकोचा व्हिसा. तिकडे जाऊन ठरलेल्या मुदतीत लग्न करायचं. पण त्याला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, असं जो तो सांगत होता. तिसरी, पाहुणी म्हणून दोन महिने जाऊन यायचं. त्याच्या आईने मला एकदा डोळ्यांनी पाहावं एवढंच त्याचं म्हणणं होतं, म्हणून मी तिसरी धरली. फॉर्मवर लिहिलं, अविवाहित. खाली लग्न ठरल्याचंही लिहिलं, साक्षगंधाचा फोटो जोडला. त्यात मी आमच्या बौद्ध रिवाजाच्या पांढऱ्या साडीत, दोघांच्या गळ्यात हार. खोटं काहीच नव्हतं, म्हणून घरात कोणाला काही शिकवून ठेवायची गरज वाटली नाही.

बाबा वनरक्षक म्हणून निवृत्त झाले. साहेबाचा फोन आला की ते अजूनही खुर्चीवरून उठून उभे राहतात आणि विचारलं त्याच्या दुप्पट सांगतात. मी कामासाठी वडशाला गेले होते, त्या दिवशी दुपारी फॉर्मवर दिलेल्या बाबांच्या नंबरवर व्हिसावाल्यांचा फोन आला. संध्याकाळी बाबांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"बाई होती, हिंदीत बोलून राह्यली होती. म्हने, बेटी किसके पास जा रही? मी म्हनलो, दामाद के पास जी."

माझा घास हातातच राहिला. "बाबा, दामाद म्हनले तुमी?"

"मंग का म्हनू? जवाईले हिंदीत दामादच म्हंतेत न?"

"आनखी काय विचारलं?"

"रिश्ता कब हुआ, म्हने. म्या सांगतलं, पूरे गाव के सामने हुआ, दो सौ लोग खाना खाये. मी का खोटं बोल्लो?"

नव्हतेच बोलले. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं आणि ओरडता येईना. शहाणीने फॉर्म भरला होता आणि खऱ्या माणसाने फोन उचलला होता. राग माझाच मला आला.

त्यानंतरचे पाच आठवडे मी विसरणार नाही. घरात साधा फोन येतो, पण परदेशी बोलण्याइतकं नेट येत नाही. त्याला फोन लावायला घरामागच्या धानशेताच्या बांधावर, आमच्या बोलीत बांधीच्या धुऱ्यावर, जावं लागतं, आणि धुऱ्याच्या पलीकडे जंगल लागतं. मोहाचे दिवस होते. फुलं वेचायला गेलेल्या बायांना वाघाची पावलं दिसली होती आणि वाघ दिसला की ओरडणारी वानरं दोन दिवसांत एकदाही ओरडली नव्हती. बाबा म्हणायचे, "दिसला त भेव नाई. दिसत नाई तेवाच भेव." तरी मी रोज जायची. फोनवर तो आधी म्हणायचा, "तू येशील तेव्हा." मग म्हणायला लागला, "तू आलीस तर." त्याला मी बाबांनी घेतलेल्या फोनची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला नाही. मला वाटलं होतं, हसेल.

नकार आला. अर्जदाराने विवाह झाल्याची माहिती लपवली, असं त्यात लिहिलं होतं. गळ्यातल्या हारांचा फोटो आणि बाबांचा शब्द, दोन्ही माझ्याविरुद्ध लागले होते. आता उरली एकच वाट, होणाऱ्या बायकोच्या व्हिसाची. पण त्या कागदामुळे मी त्यांच्या दप्तरी लग्न झालेली होते. वकील म्हणाले, पहिल्यांदा अविवाहित असल्याचं सिद्ध करा. वडिलांचं प्रतिज्ञापत्र लागेल.

तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याने मोठ्याने वाचून दाखवलं. "माझ्या मुलीचा विवाह आजपावेतो कोणाशीही झालेला नाही. सदर इसमाशी माझे जावई म्हणून कोणतेही नाते नाही." रांगेतली माणसं ऐकत होती. त्यातले दोघे आमच्या गावचे होते, साक्षगंधाला पंगतीत वाढत होते.

बाबा म्हणाले, "थे जवाईचं वाक्य काढता नाई येत का?"

"तेच तर मेन हाये काका," टायपिंगवाला म्हणाला.

बाबांनी चष्मा पुसला. मी दुसरीकडे पाहिलं. मला त्या क्षणी त्या व्हिसाची, माझी स्वतःची, सगळ्याचीच शिसारी आली. त्यांनी सही केली. नोकरीभर पंचनाम्यावर करायचे तशीच, पूर्ण नावाची, सावकाश.

आम्ही बसस्टँडवर आलो. मग बाकावर बसून त्यांनी विचारलं, "माय, म्या एका सहीनं जवाई खोडला. तिकडं थो बी अशीच सही करू शकते का?"

मी म्हणाले, "नाई बाबा." त्याचा शेवटचा फोन येऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते, आणि ते मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.